भिंतीपलीकडचा पंप

चादरी पिळून झाल्या तशी बाईंनी निळीची बादली उचलली आणि सरळ तळघराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात उपडी केली. घराच्या पायाशी झिरपणारं पाणी याच खड्ड्यात जमायचं; खड्डा भरला की पंप आपोआप सुरू व्हायचा आणि ते बाहेर फेकायचा. आताही तो गुरगुरला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे बेकरीवाल्यांचा पंप गुरगुरला. एकाने हाक मारावी आणि दुसऱ्याने ओ द्यावी, तसं दिवसभर चालायचं. जोडघरं ती, मधली भिंत एकच.

बाईंनी उभा जन्म मुलांना पोहायला शिकवण्यात घालवला होता, आणि म्हातारपणी पाणीच त्यांच्या घरी राहायला आलं होतं. मुलगी नातीला घेऊन कायमची इथे यायला तयार होती, पण तिची अट एकच.

"खालची खोली कोरडी झाली तरच, आई. त्या ओलीत पोरीला झोपवणार नाही मी."

म्हणून बाईंनी नवा पंप बसवला, भिंती रंगवल्या, चादरीसुद्धा धुवून ठेवल्या. पण जमीन काही सुकेना. पाऊस केव्हाच थांबला होता, तरी पंपाला उसंत नव्हती. आणि रविवारी तर मुलगी खोली बघायला येणार होती.

तेवढ्यात मागच्या दारातून बेकरीवाल्यांची हाक आली.

"अहो बाई, जरा येता का? माझ्या खड्ड्यात निळं पाणी आलंय!"

"काहीतरीच काय!"

"डोळ्यांनी बघा ना. शाईची दौत लवंडल्यासारखं!"

बाई हात पुसत गेल्या. पाणी खरंच निळं होतं. मग दोघं मागच्या अंगणात जाऊन झुडपं बाजूला सारत बसली. बाईंच्या पाइपाचं तोंड बेकरीवाल्यांच्या भिंतीशी निघालं. पाणी आपल्या घरापासून लांब पडावं म्हणून बाईंनीच तो तसा वळवून घेतला होता. बेकरीवाल्यांनीही नेमकी हीच अक्कल चालवली होती. त्यांचा पाइप बाईंच्या खिडकीखाली उघडत होता, आणि तिथेही निळा ओघळ होता.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमचं पाणी उपसतोय?"

"आणि मी तुमचं! तेच पाणी, बेकरीवाले, तेच!"

बाईंना असं हसू फुटलं की त्या पायरीवरच बसल्या. बेकरीवाले आधी कपाळाला हात लावून उभे होते, मग तेही डोळे पुसायला लागले.

"वर मी म्हणायचो, बाईंचा पंप नुसता बोंबलतो!"

"तुमचा काय मुका होता?"

संध्याकाळच्या आत दोघांनी लांब पाइप आणून दोन्ही घरांचं पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडलं. रविवारी मुलगी आली, चपला काढून खोलीभर अनवाणी फिरली, वाकून जमिनीला तळवा लावला.

"सामान कधी आणू?"

बाईंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं.

सामान आलं, नात आली. खालच्या खोलीत तिच्या उड्या सुरू झाल्या. पंप मात्र गप्प झाले. वर चहा घेताना बाई मधेच थांबून कान देत. पलीकडे बेकरीवाले एकटेच. त्यांच्या घरातून काहीच ऐकू येत नव्हतं.

एका सकाळी नातीची वेणी घालत असताना पलीकडे नळ सुटल्याचा आवाज आला. बादली खणखणली, पाणी ओतलं गेलं आणि बेकरीवाल्यांचा पंप गुरगुरला.

बाईंचा हात वेणीतच थांबला. मग त्या उठल्या, बादली भरली आणि आपल्या कोरड्या खड्ड्यात ओतली. एकीने भागलं नाही, म्हणून आणखी एक.

नात अर्धी वेणी हातात धरून बघत होती.

"आजी, खोली तर कोरडी आहे. मग पाणी कशाला ओततेस?"

पंप सुरू झाला. बाईंनी भिंतीकडे बघितलं आणि त्यांना पुन्हा हसू फुटलं.

"शेजारून हाक आली ना, बाळा. ओ नको द्यायला?"