अंगाला लागून

मी एक जुना लोकरी गंजीफ्रॉक आहे, मित्रांनो. पुऱ्या बाह्यांचा, राखाडी रंगाचा, आणि मुक्काम ओमान देश. हसलात ना? हसा. वाळवंटाच्या देशात लोकरीचे काय काम, असे मला आजवर इतक्यांनी विचारले आहे की आणखी चौघांनी विचारल्याने माझा धागासुद्धा हलणार नाही. मी माफी मागायला बसलेलो नाही. जे घडले ते सांगतो.

माझी लोकर एका थंड देशातल्या मेंढीच्या पाठीवर वाढली. त्या मेंढीने बर्फाचा वारा उभ्याने सोसला होता. तिची लोकर कातरली, धुतली, बारीक कातली आणि यंत्रावर मला विणले. त्याच लोकरीची एक चुस्त विजारही विणली. आम्ही दोघांनी एका खोक्यात बसून समुद्र ओलांडला आणि २०११ साली इब्रीच्या बाजारात हमूद अर्बाबच्या दुकानात उतरलो. अर्बाब म्हणजे मालक. दुकानात तंबू, कंदील, थर्मास, दोरखंड असा डोंगरात राहायला जाणाऱ्यांचा माल होता. आम्हाला सगळ्यात खालच्या फळीवर ठेवले, बादल्यांच्या मागे.

तिथे तीन हिवाळे गेले. लोक यायचे, हात लावायचे आणि ‘टोचतंय’ म्हणून खाली टाकायचे. दुकानातला ओमप्रकाश तर रोज एकदा तरी माझी थट्टा करी.

“गजेंद्रभाय, ये किसको पहनाओगे? ऊंट को?”

गजेंद्रकाका हे दुकानातले जुने विक्रेते. देवरूखजवळच्या खेड्यातले, वय सत्तावन्न. धूळ झटकायला ते मला महिन्यातून एकदा बाहेर काढीत आणि पुन्हा नीट घडी घालून ठेवीत. ते म्हणत, “ऊंट को नहीं. बैठनेवाले को.”

“बैठनेवाले को तो कुर्सी चाहिए!” असे म्हणून ओमप्रकाश पोट धरून हसे.

काकांनी तरुणपणी गावाकडे शेतातल्या माळ्यावर बसून भात राखला होता. रानडुकरे येत. त्यांची वाट पाहत तासन्‌तास निश्चल बसावे लागे. ते म्हणत, चालणाऱ्याची थंडी वेगळी आणि बसणाऱ्याची वेगळी. चालणारा आपली ऊब आपणच बनवतो. बसणाऱ्याला मात्र आहे तेवढ्याच उबेवर निभवावे लागते. हे बोलणे कोणी मनावर घेत नसे.

मग २०१४चा जानेवारी आला. एका दुपारी हमूद अर्बाब दुकानात येऊन मटकन खुर्चीवर बसले. इब्रीच्या मागच्या डोंगरात त्यांची थोरली बहीण खुदेजा एकटी राहत असे. तिच्या शेळ्या होत्या आणि त्या राखायला दिलशाद नावाचा गुराखी होता. कानांवर काळे झुपके असलेल्या एका मोठ्या रानमांजराने महिन्याभरात तिची नऊ करडे नेली होती.

“दिलशादनं विषाची पुडी आणून ठेवलीय,” अर्बाब म्हणाले. त्यांचे बोलणे हिंदी आणि अरबीची खिचडी असे, मी मराठीत सांगतो आहे. “बंदुकीला बंदी आहे. विषालाही आहे, पण डोंगरात बघतो कोण? प्राण्यांच्या खात्याचे लोक म्हणतात, जिवंत पकडून द्या, आम्ही लांब नेऊन सोडू. म्हणून पिंजरा लावला. तर आपोआप पडणाऱ्या दारात दोनदा कोल्हा अडकला आणि एकदा खुदेजाचंच करडू.”

“मग दार हातानं पाडायचं,” काका म्हणाले. “दोरी धरून कोणीतरी बसायचं.”

“कोण बसणार? माझे गुडघे गेले, त्यात हा खोकला. दिलशाद म्हणतो, विष घाला आणि खलास. बहिणीनं दोन पहाटा दिल्यात. तिसऱ्या दिवशी पुडी सुटेल.”

काकांचा चेहरा उतरला. गावाला त्यांचा तांबू नावाचा कुत्रा होता. डुकरांसाठी कोणीतरी शेतात विष कालवून ठेवले होते, ते त्याने खाल्ले. काकांनी त्याला हातांवर घेऊन दोन कोस पळत नेले होते. डॉक्टरांचे दार उघडेपर्यंत त्यांच्या हातांवरचे ओझे जड झाले होते. त्या दिवसापासून विष हा शब्द कानावर आला की ते उठून उभे राहत.

“अर्बाब, मी बसतो.”

ओमप्रकाश फिसकन हसला. “काका, वहां पानी जम जाता है! आप भी जम जाओगे!”

“जमू दे. आधी कपडे बघू.”

मग त्यांनी आतून घालायचा एकेक नग फळीवर मांडायला घेतला. पहिला जाड पांढरा सुती, दुकानात सगळ्यात जास्त खपणारा. काका म्हणाले, “हा घाम पितो आणि सोडत नाही. चढून गेलं की ओलं फडकं अंगावर.” दुसरा चकचकीत नायलॉनसारखा. “हा वाळतो लवकर, पण हात हलवला की सळसळतो, आणि संध्याकाळपर्यंत असा वास धरतो की मांजरच काय, अर्बाबसुद्धा पळतील.” अर्बाब हसले. हसता हसता खोकले. मग काका खाली वाकले, बादल्या बाजूला केल्या आणि मला व विजारीला वर काढले. “हा ओला झाला तरी ऊब सोडत नाही. आवाज करत नाही.” त्यांनी मला खांद्यांना लावून पाहिले. ढगळ नाही, आवळही नाही. मित्रांनो, तीन वर्षांनी कोणीतरी मला निवडले!

पण माणसाची सवय मोठी चिवट. रात्रीच अर्बाबांबरोबर खुदेजाच्या घरी पोचून दुसऱ्या दिवशी पहाटे काकांनी कपडे घातले तेव्हा आधी आपले नेहमीचे सुती बनियन चढवले आणि मला त्यावर. आत बनियन नसताना त्यांनी आयुष्यभर वर काही घातले नव्हते. शिवाय मी टोचेन ही धास्ती. मी बनियनवर बसलो, त्यांच्या अंगाला लागलोच नाही.

पिंजऱ्यासमोर चाळीस पावलांवर दगडांचा आडोसा होता. तिथवर अर्धा तास खडी चढण. काकांना घाम फुटला आणि बनियन भिजले. मग ते घोंगडीवर बसले. पिंजऱ्याचे वर उचललेले दार ज्या दोरीवर तोललेले होते, ती त्यांनी एका धोंड्याला वेढा देऊन हातात धरली. गाठ मारली असती तर गारठलेल्या बोटांनी वेळेवर सुटली नसती. पाव तास बरा गेला. मग ते ओले बनियन बर्फाच्या लादीसारखे झाले. काकांना कापरे भरले. मी बाहेरून जीव तोडून ऊब धरत होतो, पण आत शत्रू बसला होता! फटफटायला लागले तेव्हा खडकावर ते रानमांजर आले. दोन पावले पिंजऱ्याकडे टाकली. काकांचा हात थडथडला, दोरी थरथरली आणि पत्र्याचे दार खडखडले. मांजराने कान मागे केले. दुसऱ्या क्षणी खडक रिकामा.

परत आल्यावर काका चुलीपाशी बसून दातांवर दात आपटत म्हणाले, “अर्बाब, ही लोकर कुचकामी. ओमप्रकाश खरं सांगत होता.”

कुचकामी! बादल्यांमागे तीन वर्षे काढली तेव्हाही मला इतके लागले नव्हते.

खुदेजा चुलीत लाकूड सारत होती. सत्तरीची, काटक, बोलायला फटकळ. तिने उठून काकांची कॉलर ओढून आत पाहिले. मग बोटाने ते ओले बनियन चिमटीत धरले.

“हे काय?”

“बनियन, अम्मा.”

“माझ्या बकऱ्यांनी केसांच्या आत कधी बनियन घातलेलं पाहिलंस?”

अर्बाब इतके हसले की त्यांच्या हातातली कॉफी सांडली. दारात उभा असलेला दिलशाद मात्र हसला नाही. नऊपैकी चार करडे त्याने बाटलीने दूध पाजून वाढवली होती. तो एवढेच म्हणाला, “चाचा, उद्याचा एकच दिवस.”

“माहीत आहे,” काका म्हणाले.

दुसऱ्या पहाटे काकांनी डोके चालवले. चढताना साधा सदरा घातला, मला आणि विजारीला पिशवीत कोरडे ठेवले. आडोशाला पोचल्यावर सदरा काढला, पंच्याने अंग खसाखसा पुसले आणि आम्हाला थेट कातडीवर चढवले. वरून जाड कोट, डोक्याला कानटोपी. मित्रांनो, मी टोचलो. खोटे कशाला सांगू? खांद्यावर टोचलो, काखेत टोचलो. काकांनी तोंड वेडेवाकडे केले. पण थोड्याच वेळात त्यांच्या अंगाची ऊब माझ्या धाग्याधाग्यात येऊन बसली आणि मी ती जाऊ दिली नाही. वारा आला. मी म्हटले, ये! माझ्या मेंढीने तुझ्या बापाला पाहिले आहे!

काका बसले. तांबडे फुटले. पाय बधिर झाले, नाकाचे पाणी मिशीवर आले, पण दोरीवरचा हात हलला नाही. उजाडता उजाडता तेच काळे झुपके खडकामागून वर आले. मांजर थांबले. बसले. पंजा चाटला. आम्ही बसलोच होतो. मग ते उठून सरळ पिंजऱ्यात गेले. शेपटी आत जाईपर्यंत काकांनी श्वास धरला आणि दोरी सोडली.

धाडकन दार पडले.

“यल्ला! पकडलं!” काका लहान मुलासारखे ओरडले.

पण गोष्ट इथे संपत नाही. अर्बाबांनी खात्याला फोन लावला. गाडी यायला तीन तास लागणार होते. आवाज ऐकून दिलशाद चढून आला. त्याच्या हातात दगड होता आणि डोळे लाल.

“हटो चाचा.”

“नाही.”

“तुमचं काय गेलं? नऊ गेली माझी!”

“तुझी गेली, खरंय. पण हे आता पिंजऱ्यात आहे. पिंजऱ्यातल्याला मारण्यात काय मर्दुमकी?” असे म्हणून काका पिंजऱ्याला पाठ लावून खाली बसले. मागून मांजर फिस्कारत होते. त्याचा पंजा गजांतून त्यांच्या कोटावर घासला, तरी ते हलले नाहीत. “मार दगड. आधी मला लागेल.”

दिलशादने मारला. मला वाटते, त्याने तो बाजूला मारला होता. पण दगड खडकावर आपटून उसळला आणि काकांच्या कोपरावर बसला. कोट फाटला, मी फाटलो, रक्त आले. काका उठले नाहीत. दिलशाद आपल्या रिकाम्या हाताकडे पाहत राहिला. मग धपकन खाली बसून हुंदके देऊ लागला. बाटलीने वाढवलेल्या त्या चार करडांची नावे तो एकेक करून घेत होता. काका म्हणाले, “सांग. सगळ्यांची सांग. मी ऐकतोय.”

ऊन चढले. कोट उतरला, पण मला काढायला काका उठले नाहीत. गाडी येईपर्यंत ते तिथेच बसले. माझ्यात घाम मुरला, मी जड झालो, आणि तरीही मला सांगायला अभिमान वाटतो की त्या दिवशी मी काकांना नुसते थंडीपासून राखले नाही, जागेवरही धरून ठेवले.

खात्याच्या लोकांनी मांजर नेले. खुदेजाने विषाची पुडी खोल खड्ड्यात पुरून वर धोंडा ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी दिलशादने मला मागून घेतले. त्याच्याकडे शेळीच्या केसांचा काळा दोरा होता, तंबूची भोके शिवण्याचा. त्या दोऱ्याने त्याने माझे कोपर रफू केले. टाके जाडेभरडे, पण एकही सैल नाही.

आज मी मस्कतजवळच्या बौशरला काकांच्या मुलीच्या घरी कपाटात असतो. मागच्या वर्षी तिने, विशाखाने, मला उजेडात धरून पाहिले. “बाबा, हे काळं किती विचित्र दिसतंय. राखाडी दोरा आणते, नीट करून देते.”

“हात लावू नकोस,” काका म्हणाले. आवाज असा की विशाखाने माझी तशीच घडी घातली.

तेव्हा मित्रांनो, मी विनवणी करणार नाही, बजावूनच सांगतो. लोकरीला गरम पाण्यात टाकू नका, ती आखडते. पिळू नका. गार पाण्यात हळू धुवा आणि सावलीत आडवी पसरा. उन्हाळ्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवा, नाहीतर कसर लागेल. फाटली तर टाकू नका, शिवा. मिळेल त्या दोऱ्याने शिवा. आणि ज्याने एकदा दगड मारला त्यानेच सुई हातात घेतली असेल, तर रंग जुळत नाही म्हणून त्याचे टाके कधी उसवू नका.