उतू गेलेली वाफ

धाटावच्या त्या कारखान्यात एक वाईट सवय होती. प्रयोगशाळेचा लेखी निकाल निघण्याआधीच यंत्राच्या पडद्याचा फोटो प्लांटच्या ग्रुपवर जायचा आणि प्लांट त्यावरच चालायचा. प्रयोगशाळेतल्या अपेक्षानं दुपारी तसाच फोटो टाकला. शाहिदच्या बॅचमध्ये टोल्युइन, म्हणजे माल सुकवताना उडून जायला हवं ते द्रावक, मर्यादेच्या दुप्पट दिसत होतं. ती पेणच्या रामवाडीची, तो वाटेतल्या खांब गावचा. दोघांची कंपनीची बस एकच. शाहिद कंत्राटी ऑपरेटर. ही बॅच पास झाली की कायम होण्यासाठी त्याचं नाव वर जाणार होतं.

मनात पाल चुकचुकली म्हणून मग तिनं यंत्रात नुसतं पाणी टोचलं. त्यातही टोल्युइन!

तिनं सकाळपासूनचं सगळं पुन्हा आठवून पाहिलं. नमुना विरघळवायचं नेहमीचं मिथेनॉल सकाळी संपलं होतं. माल पाण्यातही विरघळतो, म्हणून तिनं पाणी घेतलं. सुईतलं माप मात्र तेच ठेवलं. तापलेल्या नळीत पाण्याची वाफ मिथेनॉलच्या दुपटीनं फुगते. ती नळीत मावली नाही, उलटी वर गॅसच्या वाटेत शिरली. यंत्र तपासायला सकाळी मुद्दाम टोल्युइन घातलेलं पाणी टोचलं होतं. त्यातलं तिथं चिकटून राहिलं आणि पुढच्या प्रत्येक नमुन्याबरोबर खाली उतरत गेलं.

तिनं नळी बदलली, वाट तापवून साफ केली, माप चौथाईवर आणलं. बाटलीत उरलेला शाहिदचा माल पुन्हा टोचला. टोल्युइन नावापुरतं.

ती धावतच प्रयोगशाळेच्या साहेबांकडे, हैबतरावांकडे गेली.

“साहेब, चूक माझी हाय. वाफ उतू गेली. भात उतू जाऊन शेगडीवर सांडतो ना, तसं.”

“भाताचं घरी सांग गो. प्लांटनं माल कधीच खराब मालाच्या टाकीत ढकलला. बाटलीतला जिवंत, टाकीत मिसळला तो मेला. आता कुणाला दाखवतेस?”

“पण शाहिदभाई...”

“त्यानं कबूल केलंय. माल पुरता सुकवला नाय म्हणाला, मॅनेजरपुढे हात जोडून. परवा ऑडिट हाय. आमचं मशीन खोटं बोलतं, असं मी वर जाऊन सांगू?”

संध्याकाळी बसमध्ये ती शाहिदच्या शेजारीच जाऊन बसली.

“तुम्ही कबूल कशाला केलंत?”

“मशीन बोललं ना ताई. मग मीच माल लवकर काढला असंल. आता आठवतंय तर तसंच वाटतंय.”

“माल चांगला होता हो! चूक माझी.” तिनं पाण्यापासून वाफेपर्यंत सगळं सांगितलं.

शाहिदनं शांतपणे ऐकून घेतलं. “तुमचं मन मोठं हाय. पण माझ्यासाठी अंगावर घेऊ नका. तुमचीबी नोकरी हाय.”

“मी खरं सांगतेय!” तिनं मोबाइलवर नवा निकाल दाखवला. त्यानं तो जवळ घेऊन, लांब धरून पाहिला.

“ह्यातलं मला काय कळतंय? दुपारचाबी असाच होता.”

कोलाड मागे पडलं. खांब आलं तसा तो डबा घेऊन उठला.

“घरी बायकोला, मुनीराला फोन करून सांगितलंय मी, माझ्याच हातनं झालं म्हणून. रडली थोडी. आता तिला परत दुसरं नको सांगायला.”

तो उतरला. खालून त्यानं तिला हात केला, आणि बस नागोठण्याकडे निघाली.