तिसरी फ्लॉपी

तिसरी फ्लॉपी आत सरकवली की कॉम्प्युटर घरघरायचा, खाकरायचा आणि पडद्यावर इंग्रजीत चूक दाखवून गप्प बसायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून हेच चाललं होतं.

"बिघडवलीस तूच," छापखान्याचे मालक आबासाहेब म्हणाले.

विमलच्या अंगाचा तिळपापड झाला. परभणीच्या या छापखान्यात अकरा वर्षं तिनं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, आणि बिघडवणारी तीच! पुण्याहून आलेले मराठी फॉन्ट तीन फ्लॉप्यांवर होते, गादी दोरीनं आवळावी तसे दाबून एकाच गठ्ठ्यात बांधलेले. तिन्ही फ्लॉप्या मिळाल्याशिवाय गठ्ठा सुटत नव्हता. आणि खंडेनवमीला हत्यारं पुजताना आबासाहेबांनीच तिसरीची पत्र्याची झडप सरकवून आतल्या काळ्या चकतीला कुंकवाचं बोट लावलं होतं. सगळ्यांदेखत!

वर निकालही देऊन मोकळे: उद्यापासून कॉम्प्युटरवर पुतण्या पंडित बसेल, औरंगाबादला तीन महिन्यांचा कोर्स केलाय त्यानं, विमलनं कागद कापावेत. पंडितनं फ्लॉपीवर फुंकर मारली, शर्टाला पुसली, परत घातली. झाला कोर्स!

विमल कपाटाकडं गेली. खिळ्यांच्या कामात एक अक्षर हरवलं की अख्खी ओळ अडते. म्हणून फ्लॉप्या आल्या त्याच दिवशी तिनं तिन्हींच्या नकला करून ठेवल्या होत्या. पंडितला उठवून ती बसली आणि तिसरीची नक्कल आत सरकवली. गठ्ठा सुटला. त्यातल्या फायली तिनं एकेक करून फॉन्टच्या यादीत चढवल्या, आणि पडद्यावर काळाभोर टपोरा 'क' उमटला. आबासाहेबांनी खूश होऊन पाठ थोपटली. पंडितची!

लगेच विमलला कॉम्प्युटरच्या उद्घाटनाची पत्रिका जुळवायला सांगितली. 'संगणकतज्ज्ञ : चि. पंडित' ही ओळ ठळक हवी होती. विमलनं ठळक केली. खाली तेवढ्याच ठळक अक्षरांत आणखी एक ओळ जुळवली: 'अक्षरजुळणी : विमल मुंजाजी गिराम'.

"हे कुणी टाकाय सांगितलं?"

"कुणीच न्हाई," विमल म्हणाली. "कुंकू तुमी लावलं, तवा नाव माझं घेतलं. आता कामाला बी माझंच घ्या. नको असंल तर तुमच्या हातानं पुसा. बटन कोणतं ते सांगते मी."

आबासाहेबांनी पंडितकडं पाहिलं. पंडित चपलेचा अंगठा बघत होता. मग ते स्वतःच वाकले. त्यांचं बोट कळफलकावर बराच वेळ अधांतरी फिरत राहिलं.

विमल खुर्चीवरून उठली नाही.