नीलम्माच्या पोटातली कडी

मंगळवार उजाडला की उमरग्याबाहेरच्या त्या पत्र्याच्या शेडकडं माणसांची रीघ लागायची. हमरस्त्याच्या कडेला जीपगाड्या उतरायच्या. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारी माणसं लिंबं, नारळ आणि घरातला एखादा आजारी जीव घेऊन रांगेत बसायची. आत गाठबाबा होते. माणसाच्या पोटात करणीची गाठ असते, ती मला दिसते आणि मी ती हातानं उपटून काढतो, असं त्यांचं म्हणणं. शस्त्र नाही, टाका नाही, भूल नाही. पोटावर हात फिरायचा, रक्ताची धार लागायची आणि बाबांच्या मुठीत कधी खिळा यायचा, कधी केसांचा गुंता, कधी काळी कडी. डोळ्यांनी बघितलंय, खोटं कसं म्हणायचं, असं लोक विचारायचे. जादूगाराचा खेळही आपण डोळ्यांनीच बघतो, हे त्या घडीला कोणाला सुचत नव्हतं.

उपटण्याच्या आधी मार असायचा. भिजवलेल्या कासऱ्याचा. "माणसाला लागत न्हाय रे," बाबा ओरडून सांगायचे, "आत बसलेल्याला लागतंय!" आत बसलेला म्हणे भारी चिवट असायचा, कारण किंचाळायचा मात्र माणूसच.

त्या मंगळवारी रांगेत धान्याच्या मोंढ्यातले तुरीचे व्यापारी बंडप्पा बसले होते आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकून त्यांची बायको नीलम्मा. दोन दिवस तिच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा टिकला नव्हता. ओठ फुटले होते. छातीखाली असं काही दुखत होतं की ती वाकडी होऊन बसली होती.

"अवो," ती म्हणाली, "सोलापूरला फोन लावा की. डॉक्टरनं सांगितलं होतं..."

"गप. इथं आलोय ना आता," बंडप्पा म्हणाले.

सव्वा वर्षापूर्वी नीलम्माचं वजन एकशे अठरा किलो होतं. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, चार पायऱ्या चढल्या की धाप. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिच्या जठराच्या वरच्या टोकाला एक मऊ पट्टी बसवली. पट्टीत मिठाचं पाणी भरलं की ती घट्ट होते, काढलं की सैल. पाणी भरण्याकाढण्यासाठी बटणाएवढा तुकडा पोटाच्या कातडीखाली ठेवलेला असतो, हाताला लागतो. नीलम्मा तीस किलोनं उतरली. देवळाच्या पायऱ्या न थांबता चढली, तेव्हा पोरीसारखी हसली होती.

घरी सोडताना डॉक्टरांनी एक कागद दिला होता. बंडप्पांनी तो भक्तिभावानं देवघरात विभूतीच्या डबीखाली ठेवला. रोज पूजेच्या वेळी त्याच्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. वाचला मात्र एकदाही नाही. डॉक्टरांचा कागद देवापाशी ठेवला की त्याचं काम तो आपोआप करतो, असा त्यांचा काहीतरी समज असावा.

त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी घरी जंगम अय्यांचं, म्हणजे लिंगायत गुरूंचं, जेवण होतं. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, चपात्या, वरण. प्रसादाचं पान, त्यात काही टाकायचं नाही. जेवण झालं की ताट पाण्यानं धुवायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं, ही त्यांच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सासूच्या वयाच्या बाईनं नीलम्माच्या ताटात मायेनं वाढलं. सहाव्या घासाला तिचं पोट भरलं. ताटात अर्धी हुग्गी शिल्लक होती. चार बायका बघत होत्या. तिनं सगळं संपवलं, ताट धुतलं, पाणी प्यायली आणि मागच्या दारी जाऊन भडाभडा ओकली. रविवारीही ओकत राहिली. शेजारीण म्हणाली, नजर लागली. दुसरी म्हणाली, नजर कसली, करणीच. बंडप्पांना सोमवारी रात्रभर झोप नव्हती, आणि घाबरलेल्या माणसाला कोणीतरी रस्ता दाखवला की तो कुठं जातो हे न विचारताच चालू लागतो.

शेडच्या दारात एक चेला वहीत नावं लिहीत होता. मोठा आपुलकीचा माणूस. "काय होतंय मावशीला? कवापासून? कुठं दुखतंय, बोट लावून दावा. आधी कुठं दाखवलं?" बंडप्पांनी पट्टीपासून हुग्गीपर्यंत सगळं सांगितलं. चेला पाणी आणायला म्हणून आत जाऊन आला.

नंबर लागला. बाबांनी डोळे पांढरे केले.

"यारु नी? कोन हायस तू? हेळु, बोल!" ते नीलम्माच्या पोटाकडं बघून गरजले. मग तोच हात सरळ बटणावर गेला. "ही बघा गाठ! ह्या बाईच्या पोटाला कुनीतरी फास घातलाय! अन्न आत जाऊ देत न्हाय फास! खरं का खोटं?"

"खरं!" लोक ओरडले.

बटण डॉक्टरांनी बसवलंय, हे बंडप्पांना ठाऊक होतं. तासापूर्वी आपणच चेल्याला सांगितलंय, हेही ठाऊक होतं. तरी त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याचीच मला जास्त चीड येते.

"हात धर तिचे!" बाबा म्हणाले.

बंडप्पांनी नीलम्माचे हात डोक्यामागं नेऊन जमिनीला दाबून धरले. कासरा पाण्यातून निघाला. पहिला फटका मांड्यांवर बसला, दुसरा पोटावर. नीलम्मा ओरडली आणि ओकली. आत काही नव्हतंच, नुसता हिरवा फेस आला. "निघतंय! निघतंय!" गर्दी चेकाळली. बाबा फटके मारत गेले. लुगडं फाटलं, कातडी वळ उठून निळी झाली. एकदा नीलम्मानं अंग वळवलं तेव्हा बाबांनी गुडघा तिच्या छातीवर रोवला आणि आत काहीतरी कडकन वाजलं. बंडप्पांना ते ऐकू आलं. त्यांनी हात आणखी घट्ट धरले.

"सोडा," ती म्हणाली. "अवो, तुमी तरी सोडा."

त्यांनी सोडलं नाही. बाबा दोन्ही हातांनी तिचं पोट कणकेसारखं मळू लागले, बटण धरून पिरगाळू लागले. अचानक बोटांतून रक्त उडालं आणि बाबांचा हात वर गेला. चिमटीत रक्तानं माखलेली काळी कडी होती. पत्र्याचं शेड जयजयकारानं दणाणलं. नीलम्माची मान एका बाजूला पडली होती, पण तिच्याकडं बघायला कोणाला सवड नव्हती. सगळे कडीकडं बघत होते.

एका ट्रक ड्रायव्हरनं मल्लेशला फोन केला. मल्लेश नीलम्माचा धाकटा भाऊ, हमरस्त्यावर गॅरेज चालवायचा. तो ग्रीसचे हात घेऊन तसाच आला, बहिणीला उचललं आणि टेम्पोत घातलं.

"दाजी, काय केलं हे?"

"निघाली!" बंडप्पांनी रुमालातली कडी दाखवली. "तूच बघ. पोटातनं निघाली. उंबऱ्यात पुरायला सांगितलंय."

मल्लेशनं कडी घेतली. अंगठ्यानं रक्त पुसलं. उलटीपालटी करून उजेडात धरली.

"दाजी, हे ट्रकच्या चाकातलं ऑइल सील हाय, तेल गळू नये म्हनून बसवत्यात ते. हा बघा छापलेला नंबर. असलं जुनं सील माझ्या दुकानात पोतंभर पडलंय. अक्काच्या पोटात काय चाक बसवलं होतं?"

बंडप्पांनी नंबर वाचला. देवघरातला कागद कधी न वाचणाऱ्या माणसानं तो नंबर दोनदा वाचला.

उमरग्याच्या दवाखान्यात डॉक्टर दीपमाला यांनी नीलम्माच्या पोटावरचं रक्त ओल्या बोळ्यानं पुसलं. खाली वळ होते, काळेनिळे डाग होते. जखम नव्हती.

"कडी बाहेर आली म्हणता," डॉक्टर बंडप्पांना म्हणाल्या. "कुठनं आली? भोक दाखवा मला."

बंडप्पा वाकून पोटावर भोक शोधू लागले.

मग डॉक्टरांनी क्ष-किरणांची फिल्म दिव्यावर लावली. दोन बरगड्यांना चिरा होत्या. आणि जठराच्या वर ती पट्टी अजून होती, फक्त सरकून तिरपी झालेली. "पोट भरल्यावरही खात गेलं, त्यावर पाणी ढोसलं, उलट्या होत राहिल्या की पट्टी घसरू शकते. पाणीही टिकेना झालं की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. पट्टीतलं पाणी काढलं की मार्ग मोकळा होतो. दहा मिनिटांचं काम होतं हो. आता त्या राक्षसानं मळून मळून बटणच उलटं केलंय. सुई कुठं घालू मी?"

सोलापूरच्या डॉक्टरांना फोनवर ठेवून त्यांनी सुई घातली. पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदा लागली नाही. नीलम्माच्या तोंडून आता कण्हणंही निघत नव्हतं. तिसऱ्यांदा नळीत पाणी चढलं. शिरेतून सलाईन लावून तिला तसंच सोलापूरला नेलं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून पट्टी जागेवर आणली. आणखी एक दिवस गेला असता तर जठराचा तो भाग काळा पडला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

पाचव्या दिवशी नीलम्मा बोलली. बंडप्पा पायाशी बसून रडत होते, त्या बाबाला फाडून खातो म्हणत होते.

"मारनाऱ्याचं तोंड मला आठवत न्हाय," ती छताकडं बघत म्हणाली. "हात धरनाऱ्याचं आठवतंय."

त्यानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी बंडप्पा पुन्हा शेडच्या दारात उभे राहिले. चेल्यानं ओळखलं. "मावशी बरी हाय ना?"

"बाबांची कृपा," बंडप्पा म्हणाले. "आता मला होतंय. डाव्या कुशीत गोळा उठतोय. इथं, बरगडीच्या खाली." तिथं काहीसुद्धा होत नव्हतं. चेला पाणी आणायला आत गेला.

बाबांनी डोळे पांढरे केले, गुरगुरले, हवेत हात फिरवला आणि बोट बरोबर डाव्या कुशीत, बरगडीखाली रोवलं. "ही बघा गाठ!"

बंडप्पा उताणे पडले. कासरा बसू लागला. त्यांनी दात आवळून धरले. प्रत्येक फटक्याला डोळ्यांपुढं पांढरं व्हायचं, आणि प्रत्येक फटक्याला त्यांना वाटायचं, तिला हा असा लागला होता, ह्याहून जोरात लागला होता. पोटावरची कातडी फुटली, रक्त सदऱ्यातून बाहेर आलं. अखेर बाबांचा हात कुशीवर आला आणि बोटं मिटायला लागली. तेवढ्यात बंडप्पांनी ते मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि पिरगाळलं.

बाबा किंचाळले. मुठीतली फुग्याची पिशवी फुटली आणि बोकडाचं रक्त त्यांच्याच दाढीवर उडालं. मातीत एक काळी कडी पडली.

"अजून पायजेत?" मागून मल्लेश पुढं आला आणि त्यानं खांद्यावरचं पोतं उपडं केलं. जुन्या सिलांचा ढीग खळखळत पसरला. "घ्या! एवढ्या करन्या माझ्या दुकानात पडल्यात! आवडंल ती उचला!"

"माझं डावं अंग कदी दुखलंच न्हाय!" बंडप्पा धापा टाकत उठले. "म्या दारात खोटं सांगितलं, ते ह्याच्या कानात गेलं, अन् ह्याला तिथंच गाठ दिसली!"

मग गर्दी उसळली. तीन आठवड्यांपूर्वी जयजयकार करणारीच माणसं बाबांवर तुटून पडली. कोणी दाढी धरली, कोणी लाथ घातली, कोणी दगड शोधू लागलं. एकानं ओला कासरा बंडप्पांच्या हातात दिला. "तुमचा मान पैला! आमी हात धरतो ह्याचे!"

दोघांनी बाबांचे हात डोक्यामागं नेऊन जमिनीला दाबले. बंडप्पांनी कासरा उगारला. आणि त्यांना ते दबलेले हात दिसले.

त्यांनी कासरा टाकून दिला.

"सोडा त्याला," ते म्हणाले. "सोडा म्हनतो ना! तवाबी आपन असंच धरलं होतं. कुनीतरी सांगितलं अन् धरलं. एकानंबी इचारलं न्हाय की जखम कुठाय. इचारलं असतं तर ह्यो एक दिवस टिकला नसता. आता तरी डोकं वापरा."

मल्लेशनं आधीच सांगून ठेवल्यामुळं गर्दीत साध्या कपड्यांत आलेले दोन हवालदार बाबाला आणि चेल्याला घेऊन गेले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहिताना बंडप्पांनी मारणाऱ्याचं नाव सांगितलं, वही लिहिणाऱ्याचं सांगितलं. मग म्हणाले, "आनखी एक लिवा. हात धरनारा, बंडप्पा. म्हंजे मी."

नीलम्मा घरी आली. देवघरातला कागद विभूतीच्या डबीखालून निघाला. बंडप्पांनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला, अगदी खालच्या फोन नंबरापर्यंत. लहान घास घ्यावा. बारीक चावावा. पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबावं. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. उलटी थांबत नसेल, पाणी टिकत नसेल, तर वाट न बघता यावं. सव्वा वर्ष तो कागद त्यांच्या हाताशी होता. वाचायला पाच मिनिटं लागली.

मग त्यांनी तिच्यापुढं ताट ठेवलं. चहाच्या बशीएवढं, त्यात चार चमचे मऊ भात आणि पातळ वरण. नीलम्मा सावकाश जेवली. दोन घास उरले तेव्हा तिचा हात थांबला आणि जुन्या सवयीनं ती ताटाकडं बघत राहिली.

बंडप्पांनी ताट ओढून घेतलं. उरलेले दोन घास स्वतः खाल्ले, ताटात पाणी ओतलं, बोटानं धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. त्यांनी हात धरले त्या दिवसानंतर नीलम्मानं पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं.