खोकला गेला

नोव्हेंबरच्या मध्यावर चीनमधल्या ताय्युआन शहराचं हीटिंग सुरू झालं, घरोघरी जमिनीखालच्या नळ्यांत गरम पाणी खेळू लागलं आणि शूछिनच्या नव्या घराने आपले खरे गुण दाखवले. लाकडी जमिनीच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड या विषारी वायूचा उग्र दर्प उठला. डोळे चुरचुरू लागले. तिसऱ्या दिवशी गरोदर सुनेच्या, रुओशीच्या नाकातून रक्त आलं.

आणि हे म्हणे 'आरोग्यदायी घर'! त्या एका शब्दापायी शेजारच्या इमारतीपेक्षा दीडपट किंमत मोजली होती. शूछिनने आपलं जुनं घरसुद्धा विकून टाकलं होतं. जाहिरातीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो तिथे राहणाऱ्यांनी लिहिलेल्या रिव्ह्यूंवर. त्यातला एक तर तिला तोंडपाठ होता. 'इथे राहायला आलो आणि नातवाचा जुनाट खोकला गेला. पाचपैकी पाच तारे.' कुणा आजीने लिहिलेलं. आजी कशाला खोटं बोलेल?

शूछिनने तडक फोन काढला, एक तारा दिला आणि लिहिलं, 'थंडीत या घरात श्वास घेववत नाही. सुनेच्या नाकातून रक्त आलं.'

तासाभरात इमारतीच्या ग्रुपवर तिच्यावर झोड उठली. "मावशी, आधी ते काढा!" "आमच्या घरांना गिऱ्हाईक तुम्ही आणून देणार का?" "वास घालवायला पपनसाच्या साली ठेवा, खिडक्या उघडा, एवढा काय गवगवा!" वास येत नाही, असं मात्र एकानेही म्हटलं नाही. शूछिनच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं!

दुपारी खालच्या मजल्यावरच्या फानबाई गरम डंपलिंगचं ताट घेऊन वर आल्या.

"ताई, तुमचा राग कळतो हो," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "पण लोक वाचतात, त्यावरच किंमत ठरवतात. मी बघा, नातवाचा खोकला गेला एवढंच लिहिलं, तर शेकडो जणांना आवडलं."

शूछिन दारातच थिजली. "ते तुम्ही लिहिलंत?"

"हो, मीच."

"मग नातू कुठाय तुमचा? मी तर कधी पाहिला नाही."

फानबाईंनी नजर वळवली. "दुसऱ्या आजीकडे असतो. गेल्या थंडीपासून. इथे फार खोकायचा."

"आणि लिहिलंत, खोकला गेला!"

"गेलाच ना! त्याच्याबरोबर गेला. माझ्या घरात आता कुणी खोकत नाही. खोटं काय लिहिलं मी?"

"लाज नाही वाटत? तुमच्या त्या ओळीवर मी राहतं घर विकलं!"

"मलाही विकून सुटायचंय, ताई. तुम्हीही उद्या असंच लिहाल."

शूछिनने ताटासकट त्यांना जिन्याची वाट दाखवली. संध्याकाळ झाली तरी ती धुसफुसतच होती.

"आई, तुझा रिव्ह्यू मी काढला," मुलगा युआनहांग खाली मान घालून म्हणाला. तिचा फोन त्याच्याच हातात होता. "दुसरा टाकलाय. बाळ यायच्या आत घर विकून निघू."

तिने फोन हिसकावला. तिच्याच नावाने लिहिलं होतं, 'थंडीतही हवा निर्मळ. गरोदर सून अगदी ठणठणीत आहे.' खाली एका मुलीने विचारलं होतं, 'काकू, मीही गरोदर आहे, पाचवा महिना. तुमच्या सुनेचं वाचून धीर आला. घेऊ ना घर?'

"उत्तर नको देऊस," युआनहांग म्हणाला. "ती घेईल."

"खरं सांगितलं तर आपण इथेच अडकू, आई," रुओशी पुटपुटली. नाकाशी धरलेला तिचा कागदी रुमाल लाल झाला होता.

शूछिनने सुनेकडे पाहिलं. क्षणभर तिलाही मोह झाला. आपलं बाळ की कुणा परकीचं? पण ती परकी तिच्यासारखीच एका बाईच्या शब्दावर विसंबून येणार होती. आणि या वेळी ती बाई शूछिन असणार होती.

तिने फोन तोंडाशी धरला आणि आपला आवाज रेकॉर्ड करून त्या मुलीला उत्तर म्हणून पाठवला. "मुली, हे घर घेऊ नकोस. मी याच घरातून बोलतेय. माझ्या सुनेच्या नाकातून आत्ता रक्त येतंय. वर लिहिलंय ते धादांत खोटं आहे, आणि ते माझ्या घरच्याच माणसाने लिहिलंय."

"आई! आता आपलं घर कोण घेणार?"

"कुणीच नाही," शूछिन म्हणाली. तिने खुंटीवरचा कोट काढून सुनेच्या अंगावर घातला. "ऊठ गं. भाड्याची खोली बघायला जाऊ."