मागची चाकं

रविवारी भारताची गाडी प्रज्ञेशच्या हाती आली, तर त्याच्या जमेला तीन गोष्टी पडणार होत्या: स्वतःच्या गावातली शर्यत, टाळ्या वाजवायला अख्खं कोथरूड, आणि युरोपातल्या एका संघाचा मालक, जो खास त्यालाच बघायला पुण्यात उतरला होता. वजाबाकीत एकच नाव होतं, तनुजा.

देशादेशांच्या या शर्यतीत प्रत्येक देशाला एकच गाडी, आणि तीत एकाच माणसाची जागा. भारताकडे चालवणारे मात्र दोघं. लोणी काळभोरच्या पुढच्या नव्या ट्रॅकवर शनिवारी सकाळी दोघांनी तीच गाडी आळीपाळीने चालवायची. ज्याची वेळ चांगली त्याची रविवारची शर्यत, असं व्यवस्थापक आनंद सरांनी ठरवलं होतं. शुक्रवारच्या सरावात वाघोलीच्या तनुजाने प्रज्ञेशला मागे टाकलं होतं, आणि वर "काका, आरसे पुसून देऊ का?" असंही विचारलं होतं. काका चार वर्षांनी मोठे.

शनिवारी पहिली पाळी काकांची. गाडी तो म्हणेल तशी वळली, वेळही बरी लागली. रिवाज असा, की उतरणाऱ्याने गाडीचं दुखणं इंजिनियर पूर्णिमाला सांगायचं आणि तिने ते दुसऱ्याची पाळी सुरू व्हायच्या आत दूर करायचं. हेल्मेट काढता काढता प्रज्ञेश म्हणाला, "मॅडम, वळणावर मागची चाकं घसरून सुटतायत. पुढची पकड कमी करा. चांगली भरपूर."

"आकडे तसं म्हणत नाहीत."

"आकडे बसतात का गाडीत? मी बसतो."

आनंद सरांनी मान डोलावली. पूर्णिमाने गाडीच्या नाकावरचा, पुढची चाकं रस्त्याला दाबून धरणारा पंख बदलला, आणि तनुजाच्या हाताखाली गाडीने वळायचं नावच टाकलं. उतरली ती फणफणत. "ही गाडी आहे का उसाची ट्रॉली?"

"शुक्रवारी बरी वळत होती," प्रज्ञेश सहानुभूतीने म्हणाला. "झोप झाली नाही का?"

जागा प्रज्ञेशची ठरली. आता पंख मूळ जागी आला, की झालं. तो पूर्णिमाच्या कानाशी लागला. ती मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पूर्वीसारखा? म्हणजे मागची चाकं सुटत नव्हती?"

तनुजाने हातमोजेही काढले नव्हते. "नव्हती म्हण ना, काका. मग मलाही पूर्वीच्याच पंखाने एक पाळी."

"स्पष्ट बोला, प्रज्ञेश," आनंद सर म्हणाले. "सुटत होती की नव्हती?"

प्रज्ञेशने उद्या कोथरूडकरांनी भरणाऱ्या स्टँडकडे पाहिलं. एक शब्द, आणि जागा पुन्हा पणाला. त्याला ते झेपलं नाही.

"होती."

"मग पंख राहू दे आहे तसाच," सर म्हणाले.

रविवारी भारताची गाडी प्रत्येक वळणावर कुंपणाकडे ओढ घेत सगळ्यांत शेवटी आली. युरोपचा मालक निम्म्यातूनच विमानतळाकडे निघाला होता. "गाडी वळतच नव्हती हो!" प्रज्ञेशने पत्रकारांना सांगितलं. त्या आठवड्यातलं त्याचं हे पहिलं खरं वाक्य.

मग वरून विचारणा झाली, पंख कोणी बदलला? आनंद सरांना आपण मान डोलावल्याचं आठवेना. तेव्हा हिशेब असा मिटला: प्रज्ञेशचं युरोप गेलं, तनुजाचा रविवार गेला, आणि नोकरी गेली ती पूर्णिमाची.