किपिनाचा पहिला आवाज

मित्रांनो, आता जुना झालोय मी. फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातल्या एका लहानशा स्टुडिओत मी बत्तीस वर्षं माइक म्हणून उभा होतो. माझ्यासमोर माणसं हसली, रडली, शिंकली. माझी गोष्ट मात्र त्यातल्या एकाच बाईची आहे. तिचं नाव तुइरे.

माझा जन्म व्हिएन्नाजवळच्या एका कारखान्यात झाला. बाहेर धातूची बारीक जाळी, आत सोन्याचा मुलामा दिलेला पातळ पापुद्रा. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर एक ते दहा आकडे म्हटले आणि “हा चांगला आहे” म्हणून माझ्या पेटीवर खूण केली. पहिली काही वर्षं मी चर्चमधली भजनं ऐकली. मग इल्पो होन्कासालो नावाच्या लांबुडक्या, अबोल माणसाने मला विकत घेतलं. नदीच्या धबधब्याकाठी एक बंद पडलेली कापडगिरणी होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ होता. पाण्याचा आवाज आत येऊ नये म्हणून त्याने खिडक्यांना सैन्यातली जुनी घोंगडी ठोकली होती.

१९९९च्या वसंतात इल्पोच्या फॅक्सवर कागदांची लांबच लांब पट्टी आली. तो ती वाचत होता आणि तुइरे कॉफीत वेलचीचा पाव बुडवून खात होती. ती तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. मुलांच्या नाटकमंडळीत तिची उमेदीची वर्षं गेली होती, आणि ती मंडळी नुकतीच बंद पडली होती.

“काय आहे?” तिने विचारलं.

“कार्टून. तोमोबी नाव आहे. कागदी कंदिलात राहणारे इवले इवले जीव, आणि त्यांना सोबत घेऊन फिरणारा हारू नावाचा पोरगा. आधी खेळ आला, हातात धरून खेळायचा. आता कार्टून. जपानमध्ये बनलं, अमेरिकेत कापलं, लंडनमध्ये विकलं, स्टॉकहोममध्ये अडकलं, आणि आता आपल्या गळ्यात पडलंय.”

“गळ्यात पडलंय ना? मग गळ्यानेच निस्तरू. किती भाग?”

“बावन्न.”

“आणि माणसं किती?”

“तू, मी आणि काउको.”

काउको हा साठीचा नट. राक्षस, दुष्ट राजा, पोलीस, गाढव, सगळं त्याच्याकडे. इल्पो यंत्रावर बसून मधूनच म्हाताऱ्यांचे आवाज काढायचा. हारू आणि त्याच्या कंदिलातला छोटा जीव हे दोघे तुइरेच्या वाट्याला आले.

कागदावर त्या जीवाचं नाव अमेरिकन होतं. तुइरेने ते दोनदा उच्चारून पाहिलं आणि पेन्सिलने काट मारली.

“आपल्या पोरांच्या तोंडात हे बसतं का? ठिणगीला आपण किपिना म्हणतो. याचंही नाव किपिनाच.”

“स्टॉकहोमवाल्यांना विचारायला हवं,” इल्पो म्हणाला.

“विचार हो. ते उत्तर देईपर्यंत आपले दहा भाग होतील.”

तसंच झालं. किपिनाला आपल्या नावाखेरीज दुसरा शब्द बोलता येत नसे. भूक लागली, किपिना. भीती वाटली, किपिना. तुइरे तो एक शब्द तीसएक तऱ्हांनी म्हणायची. माझ्याजवळ येऊन, डोळे मिटून, दोन्ही हात पंखांसारखे धरून म्हणायची. मी तोवर पुष्कळ आवाज ऐकले होते. पण माझा पापुद्रा इतका आनंदाने कधी थरथरला नव्हता.

एकदा पडद्यावर हारू भाताचा मुटका खात होता. अमेरिकेहून आलेल्या संवादात मात्र लिहिलं होतं, सँडविच.

“हे सँडविच?” तुइरे म्हणाली. “माझे डोळे फुटलेत की त्यांचे? भात दिसतोय सरळ.”

“मग काय म्हणणार?”

“पिराक्का. राईच्या पारीत भात भरलेली, आपली घरची. माझी आई पूर्वेकडच्या कारेलियातून इकडे आली ती पिराक्का लाटतच आली. तिला हे चित्र दाखवलं असतं ना, तर म्हणाली असती, या पोराला लोणी द्या कुणीतरी.”

त्या पानगळीत कार्टून सुरू झालं. बाहेर अजून उजाडलेलं नसायचं, आणि घराघरांत मुलं शाळेचे बूट घालता घालता हारूला फिनिशमध्ये बोलताना ऐकायची. तोवर तोमोबीचा खेळ त्यांच्या हातात होता, पण परक्या भाषेत. अंदाजाने कळ दाबायची आणि भिंतीवर आपटायचं. आता त्यांना नावं मिळाली, हाका मिळाल्या. स्टुडिओच्या पत्त्यावर पत्रं येऊ लागली. ‘किपिनामावशी, तिसऱ्या दरवाज्यापुढे कसं जायचं?’ असं एका मुलीने कायानीहून लिहिलं होतं. तुइरेला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने आपली लेक सॅदे हिच्याकडून खेळ शिकून घेतला, चार दिवस त्या दरवाज्याशी झुंजली आणि मग उत्तर लिहिलं. बाजारात मासे घेताना ती “अर्धा किलो” एवढंच म्हणाली तरी मागची मुलं वळून बघत. ती माझ्या आयुष्यातली सोन्याची वर्षं होती, मित्रांनो. मला वाटलं, हे असंच चालणार.

तीन वर्षांनी करार संपला. नवे भाग आले नाहीत. एका पत्रातून कळवण्यात आलं, टेप परत करा किंवा नष्ट करा. इल्पोने परत पाठवल्या नाहीत आणि जाळल्याही नाहीत. चांगल्या टेप फुकट कशाला घालवायच्या, म्हणून तो त्यांच्यावर दुसरं काम भरू लागला. त्याला वाटलं, वाहिनीकडे प्रत असेल. वाहिनीला वाटत होतं, वितरकाकडे असेल. वितरकाचं दुकान तोवर बंद झालं होतं, आणि शेवटच्या माणसाने कुलूप लावताना म्हटलं असेल, टाम्पेरेला आहे की सगळं.

सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीची एक जाहिरात मला विसरता येत नाही. तुइरे माझ्यासमोर उभी राहून “उबेत या, घरी या” असं गोड आवाजात म्हणत होती. काचेपलीकडे जी टेप फिरत होती तिच्यावर आधी पहिला भाग होता. तिचाच नवा आवाज तिच्या जुन्या आवाजावर चढत होता, आणि ती इल्पोला खुणेने विचारत होती, बरं झालं का? इल्पोने अंगठा वर केला. त्याच्या मनात पाप नव्हतं. आपण काय करतोय हे त्यालाही तेव्हा कळलं नव्हतं.

२००७च्या हिवाळ्यात तुइरे आली ती गळ्याला मफलर गुंडाळून. कोट न काढताच बसली.

“डॉक्टर कंठ काढणार आहेत,” ती म्हणाली. “सगळाच. पुढच्या गुरुवारी.”

इल्पोने हातातला कप खाली ठेवला. तो म्हणाला, “मग आज बोल काहीतरी. मी भरून ठेवतो.”

ती माझ्यासमोर आली. सॅदेला दिवस गेले होते; होणाऱ्या नातवंडासाठी तुइरे एक गोष्ट सांगू लागली. मी तिला कान दिले, जीव तोडून दिले. पण आवाज घासलेला होता, मध्येच फाटत होता, शब्दांच्या जागी नुसती हवा येत होती. पाच मिनिटांनी ती थांबली. इल्पोने तिला ते परत ऐकवलं.

“पूस हे,” ती म्हणाली.

“तुइरे, राहू दे गं.”

“नको. ही कोण म्हातारी कोकलतेय? पोराला वाटेल, आजी अशीच होती. माझा आवाज त्या बावन्न भागांत आहे. धडधाकट आहे. तोच ऐकवू त्याला.”

वाहिनीकडेही प्रत नाही हे इल्पोला तोवर कळून चुकलं होतं. त्याने तोंड उघडलं. आता सांगेल, आता सांगेल, असं मला वाटत राहिलं. पण जिचा कंठ गुरुवारी जाणार, तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने मान खाली घातली आणि बटण दाबलं. जे थोडंफार उरलं होतं तेही गेलं. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर त्या दिवशी मी ओरडलो असतो.

नात झाली. तिचं नाव ईदा. तुइरे आता गळ्यातल्या भोकातून श्वास घ्यायची आणि पाटीवर लिहून बोलायची. ईदा चार वर्षांची झाली तेव्हा सॅदे स्टुडिओत आली आणि तिने ते भाग मागितले. इल्पोने यंत्र बंद केलं.

“नाहीत,” तो म्हणाला.

“नाहीत म्हणजे? कुठे ठेवलेत?”

“मीच पुसले. सगळे.”

“आणि ऑपरेशनच्या आधी आई इथे आली होती, तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?”

इल्पोने होकाराची मान हलवली. दाराशी जाऊन सॅदेने पायातले बूट तीनदा बांधले, तीनदा सोडले. मग तशीच निघून गेली.

तिने आईला सांगितलं. तुइरेने पाटीवर काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. पुढे दोन महिने ती गिरणीकडे फिरकली नाही.

सॅदेने वर्तमानपत्रात विचारलं, इंटरनेटवर विचारलं, वाचनालयांना लिहिलं. लोकांना किपिना आठवत होता. “अगं, माझं बालपण ते!” असं शंभरजणांनी कळवलं. टीव्हीवरून भरून घेतलेली टेप मात्र कुणाकडेच उरली नव्हती. कुणी तिच्यावर लग्न भरलं होतं, कुणी घर बदलताना टाकून दिली होती. त्यातच कुठल्याशा नव्या कंपनीने तोमोबी पुन्हा आणलं. हेलसिंकीत, नव्या माणसांच्या आवाजात; किपिना हे नाव तेवढं तेच. ईदा ते रोज बघायची.

मग कायानीहून वेरा केट्टुनेन नावाच्या बाईचा फोन आला. पूर्वी दरवाज्याचं कोडं विचारणारी मुलगी हीच. तिच्या वडिलांच्या माळ्यावर एक व्हिडिओ टेप सापडली होती, ‘तोमोबी ३१’ असं लिहिलेली. ती टपालाने पाठवायला तिचा जीव धजेना. ती स्वतः आगगाडीने घेऊन आली. टेप चालेल असं यंत्र शिल्लक होतं ते इल्पोकडेच. म्हणून एका दुपारी सगळे माझ्या खोलीत जमले. मला आता कुणी वापरत नव्हतं. मी कोपऱ्यात धूळ खात उभा होतो.

वेराने आत आल्याबरोबर तुइरेचे दोन्ही हात धरले. “मावशी, तुमच्या पत्रामुळे मी तिसरा दरवाजा ओलांडला होता.” तुइरेने पाटीवर लिहिलं, ‘आणि चौथा?’

“चौथ्याला अजून अडकलेय.”

इल्पो आणि तुइरे यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने त्याच्या दंडाला हलकेच चापट मारली. बस, तेवढंच.

टेप सुरू झाली. आधी आइस हॉकी. वेराने कपाळाला हात लावला. “बाबांनी वरून भरलंय.” वीस मिनिटं सगळे हॉकी बघत राहिले, कुणी हललं नाही. मग पडदा फडफडला आणि कार्टून आलं. शेवटची सहा मिनिटं शिल्लक होती.

हारूवर मंत्र टाकलेला होता. तो निपचित झोपला होता. किपिनाचा कंदील विझलेला. आणि त्यांच्याभोवती फिरत काउकोचा दुष्ट राजा बोलत होता. बोलत होता, गडगडाटी हसत होता, पुन्हा बोलत होता. सहाच्या सहा मिनिटं. मग पडद्यावर बर्फासारखे ठिपके आले.

तुइरेचे खांदे हलू लागले. सॅदे घाबरून जवळ गेली. पाहते तो तुइरे हसत होती, आवाजाशिवाय. तिने पाटी ओढली. ‘जन्मभर माझी टकळी चालू होती. नेमकी या भागात झोपले.’

“पण श्वास तुझाच आहे,” इल्पो घाईघाईने म्हणाला. “हारूचा श्वास. मी म्हणत होतो नको, तू हट्टाने भरलास. थांब, मी काउकोला खाली घेतो, तुला वर काढतो.” त्याने कळा फिरवल्या. कर्ण्यातून खरखर आली, खरखरीच्या तळाशी काहीतरी वरखाली होत होतं.

“ईदा, इकडे ये,” सॅदे म्हणाली. “ऐक. ही तुझी मम्मो आहे, आजी.”

ईदाने कर्ण्याला कान लावला. कपाळाला आठ्या घालून, मन लावून ऐकलं. “काहीच ऐकू येत नाही,” ती म्हणाली.

तेव्हा तुइरेने पिशवीतून एक बोलायचं यंत्र काढलं, कंठ नसलेल्यांसाठी असतं तसं. हाताएवढं, गुणगुणणारं. तिला ते मुळीच आवडत नसे. दवाखान्यातून आणल्यापासून तसंच पडलं होतं. तिने ते गळ्याला टेकवलं, डोळे मिटले, दोन्ही कोपर पंखांसारखे उचलले. तो शब्द बाहेर आला. पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा.

ईदाने आजीकडे बघितलं. मग तिच्या गुडघ्यावर हात ठेवून, समजूत घालावी तशा मायेने म्हणाली, “नाही गं मम्मो. किपिना असा बोलत नाही.”

“ईदा!” सॅदे ओरडली.

तुइरेने हात वर करून तिला थांबवलं. यंत्र पिशवीत ठेवलं आणि पिशवीची चेन हळूहळू ओढून घेतली. वेरा भिंतीकडे तोंड करून उभी होती. “कॉफी टाकतो,” इल्पो म्हणाला, आणि गेला तो बराच वेळ आलाच नाही.

पुढच्या वसंतात तुइरे गेली. त्याच उन्हाळ्यात इल्पोने स्टुडिओ आवरला. मी आता नगरपालिकेच्या जुन्या सामानाच्या गोदामात, तुटक्या दिव्यांच्या खोक्यात आहे. माझी तार कुणीतरी कापून नेली.

मुलांनो, तुमच्या घरी ज्यांचं बोलणं तुम्हाला आवडतं, त्यांना आजच बोलतं करा आणि ते स्वतः जपून ठेवा. दुसऱ्याने ठेवलं असेल असं मानू नका. हे सांगायला मला उशीर झाला आहे, आणि सांगून तुइरेचं काही परत येणार नाही, हेही मला कळतं. तिचे तीसच्या तीस किपिना मला आठवतात. भुकेचा वेगळा, भीतीचा वेगळा. पण मी फक्त ऐकून पुढे देणारा. आठवतं ते बोलून दाखवण्याची सोय माझ्यात नाही.